टिनाच्या शेडमधलं सागवानी कोर्ट

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझा उजवा गुडघा सुजला, सूज उतरेचना. बालाघाटात आम्ही मुली बास्केटबॉल खेळायचो ते सिमेंटवर. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "खेळायचंच असेल तर लाकडी कोर्टवर खेळ, नाहीतर सोडून दे."

बाबा सोबत होते. ते सुतार; दारं, खिडक्या, पलंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "लाकडाचं मैदान राह्यते?"

"हौ बाबा. नागपुरात हाये."

"चाल मंग, पाहून येऊ."

नागपूरच्या त्या हॉलमध्ये सामना सुरू होता, पण बाबांचं लक्ष खेळाकडे नव्हतंच. मध्यंतर होताच ते कडेला गुडघे टेकून बसले. फळ्यांवर तळहात फिरवला, बोटांनी ठोकून पाहिलं, भिंतीलगत सोडलेल्या फटीत बोट घातलं. रखवालदार धावत आला. "काही हरवलं का काका?"

"नाही जी," बाबा उठत म्हणाले, "समजलं मले."

आमच्या घरामागे धान ठेवायची उंच टिनाची शेड होती. शेती वाट्याने दिल्यापासून ती रिकामीच पडलेली. अर्धं कोर्ट त्यात आरामात मावत होतं. बाबांनी सागवानाच्या पट्ट्या कापून आणल्या आणि नुसत्याच रचून ठेवल्या. मी रोज विचारायची, काम काहून सुरू करत नाही?

"लाकडाले इथली हवा खाऊ दे. नाहीतर पावसाळ्यात फुगून बसंन."

शेजारच्या काकूंना वाटलं, माझ्या लग्नाचा दिवाण-पलंग होतोय. त्यांनी विचारलंच. बाबा म्हणाले, "हौ, पोरीसाठीच करून राह्यलो."

मग काम सुरू झालं. जाड रबराचे तुकडे आईने अंगणात बसून कापले. एकसारखे, शंकरपाळ्यांसारखे. ते तुकडे शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर, त्यांवर आडव्या दांड्या, दांड्यांवर प्लायवूड आणि सगळ्यात वर सागवानाच्या पट्ट्या. उडी मारून उतरलं की खालचं रबर थोडं दबणार आणि गुडघ्याचा मार झेलणार. कडेला लाकूड फुगायला बोटभर फट. पॉलिश वाळल्यावर बाबांनी पांढऱ्या रेघा स्वतः ओढल्या.

पहिल्या दिवशी मी चेंडू घेऊन आत गेले. पाय पडताच कळलं, जमीन मला मारत नव्हती. मी धावले, थांबले, उडी मारली. आणि फ्री थ्रोच्या रेघेजवळ डावीकडे चेंडू टपकन बसला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. आई-बाबा दारात उभे होते. त्यांचे चेहरे पाहून मी चेंडू काखेत घेतला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग."

"इथं चेंडू उसळतच नाही, बाबा."

ते आत आले, चेंडू हातात घेतला, आपल्या हाताने टाकून पाहिला. मग पटाशी आणायला गेले. त्यांनी त्या जागच्या अकरा पट्ट्या आणि खालचं प्लायवूड उचकटलं. तळाशी सिमेंटचा सुपारीएवढा उंचवटा राहिला होता. दांडी रबराऐवजी त्यावर टेकून बाजूला अधांतरी राहिली होती, चेंडूचा जोर तिथेच जिरत होता. त्यांनी तो छिन्नीने उडवला, पट्ट्या नव्याने बसवल्या, सांधे पुन्हा घासले. आठवडा गेला. आजही पाहणाऱ्याला ती जागा ओळखू येत नाही. मला येते, आणि दर वेळी माझी मान ताठ होते.

माझा गुडघा सावरला. मी विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं खेळले. आता दर रविवारी किरनापूर, लांजीच्या मुली बसने येतात आणि मी त्यांना शिकवते. एकदा बाहेरगावचे एक कोच आले. बूट काढून अनवाणीच कोर्टभर फिरले, म्हणाले, "कारीगर कहाँ से बुलवाए?"

"घर से," आई म्हणाली. बाबांच्या आधी.

गेल्या महिन्यात बैहरच्या एका शाळेने बाबांना बोलावलं. त्यांना हॉलमध्ये असंच कोर्ट घालायचं आहे. सकाळच्या बससाठी बाबा हत्यारांची पेटी घेऊन निघाले, दारापर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, "तू काहून बसून राह्यली? चाल ना. लाकूड मले समजते, टप्पा तुलेच समजते."