सम्राटाचं अक्षर, आमचं कुंकू

इथे आखातात, रास अल खोरमधल्या आमच्या गोदामात नळांच्या खोक्यांवर नवरा स्वतःच्या हातानं नावं लिहितो. लेबलं छापायचं मशीन घेतलंय, ते धूळ खात पडलंय. त्याचं अक्षर मोत्यासारखं. लग्नाआधी मी त्यावरच भाळले होते. हल्ली त्या अक्षराचाच कंटाळा येतो. तिकडे गिऱ्हाईक फोनवर ताटकळतं आणि हा मार्कर बदलत बसतो.

आम्हाला माल पुरवणारे एक वयस्कर चिनी गृहस्थ मागे भिंतीवर टांगायला एक कागद देऊन गेले होते. त्यावर एकच मोठं अक्षर, अर्थ सुखसमृद्धी. कुठल्याशा सम्राटाच्या हस्ताक्षराची ती नक्कल. नव्या वर्षाला तो हे अक्षर स्वतः लिहून मर्जीतल्या माणसांना द्यायचा म्हणे. गेल्या दसऱ्याला फोर्कलिफ्ट, कॉम्प्युटर, वजनकाटा सगळ्यांची पूजा करता करता नवऱ्यानं त्या कागदालाही कुंकवाचं बोट लावलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

दिवाळीनंतर ते गृहस्थ आले. त्यांच्या नळांची एजन्सी आमच्याकडे ठेवायची की नाही, हे ते सांगणार होते, आणि माझा जीव त्या लाल डागात अडकलेला. त्यांनी चष्मा पुसून डाग पाहिला आणि चक्क खूश झाले. म्हणाले, आमचे सम्राट आवडलेल्या अक्षरावर असाच लाल शिक्का मारायचे. आणखी एका सम्राटाचं अक्षर इतकं देखणं होतं की लोक ते अजून गिरवतात. त्याचं राज्य मात्र गेलं, आणि तो शत्रूच्या कैदेत मेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कौतुकानं ऐकत होता.

चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं की एजन्सी दुसऱ्यांना दिली आहे. मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी दमले होते.

निघताना त्यांनी नवऱ्याच्या हातचं काहीतरी लिहून मागितलं.

"काय लिहू गं?" त्यानं मला विचारलं.

"काहीही लिही. आता खलास."

त्यानं 'शुभं भवतु' लिहिलं, सावकाश. गृहस्थांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि लाल शिक्का कुठे आहे म्हणून विचारलं. मी देव्हाऱ्यातला करंडा आणला. राग होता, तरी अक्षर सुंदर आलं होतं. मी कुंकवाचं बोट टेकवलं.

राज्य गेल्यावर त्या सम्राटाच्या अक्षरावर शिक्का कोण मारायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.