पाहुण्याला मिळालेली माफी

कॉफीच्या बिया भाजणाऱ्या त्या दुकानात सगळे त्याला पाहुणा म्हणत. दोन दिवसांसाठी काम द्या म्हणून आला तो केस पांढरे झाले तरी हलला नाही, म्हणून मालकिणीने ठेवलेलं नाव. खरं नाव त्याने सांगितलं नाही आणि तिनेही खोदून विचारलं नाही. बिया करपू न देणारा माणूस मिळाला होता, तिला नाव काय चाटायचं होतं?

विस्तवावरचं पिंप तो दिवसभर हँडलने फिरवायचा. उजवा हात दमला की डावा. पण हात बदलताना फेरा कधी अडखळायचा नाही.

“अहो, जरा दम घ्या, बिया काही पळून जात नाहीत,” मालकीण म्हणायची.

न थांबण्याची ही सवय सिनेमाची. पडद्यावरची माणसं अजून बोलायला लागली नव्हती, तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ थिएटरातल्या वरच्या खोलीत हाताने मशीन फिरवत. दिव्यासमोर फिल्म सरकत राहिली पाहिजे. थांबली की पेटलीच. एकदा हा पाणी प्यायला खाली उतरला आणि हँडल धाकट्याकडे दिलं. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, नवरी बहिणींबरोबर खाली येऊन बसली होती. तिला बघायला पठ्ठ्याने मशीनसमोरच्या भिंतीतल्या भोकातून डोकावलं आणि हात थांबला. त्या आगीत दारावरचा म्हातारा गेला.

“दादा, माझं लग्न मोडेल रे!” धाकट्याने त्याचे पाय धरले.

रडणाऱ्या भावापुढे दादा कायमच पाघळायचा. तो पळाला. जो पळाला त्यानेच केलं, असं सगळे धरून चालले, आणि धाकटा सुटला.

तेव्हापासून दुकानामागची खोली, एक खुर्ची आणि एक कप. कोणी दार वाजवलं की नजर आधी मागच्या खिडकीकडे जायची. ताप आला तर स्वतःच्याच कपाळावर हात ठेवून बघायचा. बायको नाही, मूल नाही, भांडायलासुद्धा कोणी नाही. आधार एवढाच, की जगात एका माणसाला खरं काय ते माहीत आहे. आपली आठवण निघाली की त्याचा घास घशात अडकत असेल, असं मनात आणून तो दिवस ढकलायचा. बाकी सगळं गेलं तरी हे राहू दे, एवढंच त्याचं मागणं होतं.

एका दुपारी टोपीवाला जाडजूड गृहस्थ कॉफी घ्यायला आला. याने फेरा न अडखळू देता हात बदलला, तसा गृहस्थ बघतच राहिला.

“दादा?”

मागच्या खोलीत धाकटा त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. एकुलत्या खुर्चीवर त्याला बसवून दादा खाटेवर बसला. पोलिसांनी ते प्रकरण कधीच गुंडाळलं होतं. नवरी आता आजी झाली होती.

“घरी चल,” धाकटा म्हणाला. “मुलांना सगळं सांगितलंय मी.”

दादा खाटेच्या कडेला सरकला. आयुष्यभर याच क्षणाची वाट बघितली होती त्याने.

“काय सांगितलंस?”

“हेच, की तू मुद्दाम नाही केलंस. दमला होतास, हात थांबला. मी नेमका पाणी प्यायला खाली गेलेलो. मी वर असतो तर हे झालंच नसतं, या विचाराने किती रात्री झोप नाही लागली मला! पण दादा, मी तुला केव्हाच माफ केलंय.”

दादाने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. त्यांत खोटेपणाचा मागमूस नव्हता. लबाडी असती तर परवडलं असतं. लबाडाला निदान खरं माहीत असतं. इतक्या वर्षांत रोज थोडं थोडं सांगून धाकट्याने आधी बायकोला पटवलं, मग मुलांना, आणि शेवटी स्वतःला.

आता खरं माहीत असलेला तो एकटाच उरला होता. आणि एकट्याच्या शब्दाला कोण विचारतो?

“येतोस ना?” धाकट्याने त्याचा हात धरला.

दादाने हात हळूच सोडवून घेतला.

“नको. पण उपकार झाले तुमचे,” तो म्हणाला. धाकट्या भावाला त्याने जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं.