जीप भरायची वाट

माही नात पंधरा वर्षांची, स्वमग्न. घडीचं, म्हणजे घड्याळातल्या वेळेचं, बोलणं खोटं निघालं की तिचा जीव कासावीस होते. शाळेची घंटा कधी वेळेवर वाजत नसे, म्हणून तिची शाळा कायमची सुटली. आता ती दारव्ह्याले एका बाईंच्या घरी शिकते. तिथं पाच-सहाच पोरं, अन् घंटा नाही.

अडचण होती ती जाण्याची. जीपवाला "पाच मिनिटांत निघतो" म्हणे अन् अर्धा तास हलत नसे. ही कान झाकून रडे. बाईंनी तिले घडी विसराले लावली. कागदावर जीपच्या जागांचे चौकोन काढायचे, माणूस बसलं की एक रंगवायचा, सगळे भरले की गाडी निघते.

परवा ती पहिल्यांदा एकटी जाणार होती. मलेच राहवलं नाही. मी हळूच जीपमध्ये तिच्या बाजूले जाऊन बसली.

जीपवाला म्हणाला, "पाच मिनिटं."

"पाच मिनिटं नाही काका, दोन माणसं," ती कागदातूनच बोलली.

दोन बाया आल्या. एकीले जागाच उरली नाही. नातीनं माझ्याकडे पाह्यलं. "आजी, तू उतर. तुले मी रंगवलं नाही."

मी उतरली, जीप निघाली. अन् मी स्टँडवर भेटेल त्याले सांगत सुटली, माही नात एकटी गेली म्हणून.