तो एकटा गेलाच नव्हता

बुटांचा आवाज मी ऐकला नव्हता. ऐकला असं सांगितलं, ते खोटं होतं. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला पळवाट उरणार नाही.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पुण्यातल्या एका शाळेतून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. बायको गेल्यावर मुलाने मला अबू धाबीला आणलं. खलिफा सिटीत एका व्हिलाचे भाग पाडून केलेल्या घरात आम्ही राहतो. अंगण आणि गेट सामाईक. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत गेल्या वर्षी दोन मुलं राहायला आली, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. एक उंच अमेरिकन, दुसरा विशाखापट्टणमचा, बुटका, हिंदी बोलणारा. दोघंही जेमतेम विशीतले, आणि एकमेकांना हाक मारायचे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा.

“बाबा, म्हणजे या कंपाउंडमध्ये सगळ्यात धाकटे तुम्हीच,” सून म्हणाली.

मिशनरी म्हटल्यावर मला वाटलं, आता रोज दार वाजणार. पण इथे त्यांना कुणाला धर्माबद्दल आपणहून काही सांगायची परवानगी नव्हती. कुणी विचारलं तरच बोलायचं. त्यामुळे त्यांचा दिवस फार शांत जायचा. साडेसहाला उठणं, अंगणात दोरीवरच्या उड्या, मग दार लावून वाचन. दहाच्या सुमारास पांढरा शर्ट आणि टाय घालून ते बाहेर पडत. त्यांच्या मंडळीतल्या कुणाचं घर बदलायचं असेल तर सामान उचलत, आजारी नर्सला जेवण पोहोचवत. सोमवारी कपडे धुणं आणि घरी व्हिडिओ कॉल. केसही एकमेकांचे कापायचे, आणि तेलुगू मुलाची कात्री वाकडी चालायची. चहा त्यांना वर्ज्य, म्हणून मी कोकम सरबत द्यायचो.

त्यांचा एक नियम मात्र मला गमतीचा वाटे. दोघांनी कधीही एकमेकांपासून वेगळं व्हायचं नाही. सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. अंघोळीपुरती सूट.

“दोन वर्षं असंच?” मी विचारलं.

“दो साल, अंकल. एल्डर मेरा पासपोर्ट है. साथ रखना पड़ता है,” तेलुगू मुलगा म्हणाला.

“आणि लग्न झाल्यावर?”

“तब ये ट्रेनिंग काम आएगी!”

आता माझ्याबद्दल. गेल्या उन्हाळ्यापासून मला नसलेली माणसं दिसत होती. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, समोरच्या भिंतीवर एक बाई पाय सोडून बसलेली दिसायची. पातळाचा पदर नीट, वेणीही नीट. एकदा वाळूच्या रिकाम्या प्लॉटमध्ये चार मुलं रांगेत उभी होती, शाळेत प्रार्थनेला उभी राहतात तशी. कुणी बोलत नसे. वाऱ्याने पदर हलत नसे. मी डोळे मिटून उघडले की कधी ती असत, कधी नसत. भीती मला त्यांची नव्हती. माझा व्हिसा दरवर्षी रिन्यू होतो, आणि मुलगा एकदा सहज म्हणाला होता, “बाबा, तब्येत नीट आहे तोवर इथे. नाहीतर पुण्यात एखादं चांगलं होम बघू.” म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही.

जानेवारीत इथे सकाळी दाट धुकं पडतं. समोरची व्हिला, तिचं गेट, गाड्या, सगळं पुसलं जातं. अशाच एका सकाळी पावणेसातला मी गेटपाशी खुर्ची टाकून चहा पीत होतो. चष्म्यावर दव साचलं म्हणून तो काढून मांडीवर ठेवला होता. तेवढ्यात अंगणातून गेटच्या दिशेने एक पांढरा शर्ट आला. काळी पँट, खाली घातलेली मान, बुटकी चण. माझ्यापासून दोन हातांवरून तो गेला.

“गुड मॉर्निंग,” मी म्हणालो.

त्याने मान वळवली नाही. रस्त्यावर सिमेंटच्या विटा आहेत, त्यावर मांजर चाललं तरी कळतं. काहीच वाजलं नाही. तो प्लॉटच्या बाजूला वळला आणि पांढऱ्यात पांढरं मिसळलं.

मला तिथेच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं.

दोन दिवसांनी त्या मुलांची देखरेख करणारं एक वयस्कर अमेरिकन जोडपं आलं. सज्जन माणसं. अंगणात गप्पा चालल्या होत्या. माझी तीस वर्षं शाळेतल्या पोरांवर नजर ठेवण्यात गेलेली, ती खोड गेली नव्हती. मी हसत म्हणालो, “परवा सकाळी तुमचा हा बुटका एल्डर फरार होता. मी पकडला!”

कुणी हसलं नाही. एकटं बाहेर जाणं त्यांच्यात किती गंभीर असतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरून समजलं. तेलुगू मुलगा म्हणाला, “मैं तो इस्तरी कर रहा था.” उंच मुलगा तेव्हा अंघोळीला गेला होता. त्यामुळे बघणारं कुणी नव्हतं.

त्या गृहस्थांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, “तुम्हाला खात्री आहे? काही ऐकू आलं का? पावलं?”

नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न माझ्या डोळ्यांबद्दल आला असता. शेजारी माझा मुलगा उभा होता.

“हो,” मी म्हणालो. “बुटांचा आवाज आला.”

संध्याकाळी तेलुगू मुलगा एकटाच माझ्याजवळ आला. उंच मुलगा नियमाप्रमाणे दहा पावलांवर थांबला होता. मला वाटलं, भांडेल. त्याने विचारलं, “अंकल, मेरा चेहरा कैसा था? आँखें खुली थीं?”

आमच्याकडची मुलं मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. हा त्यांतलाच. मी पाहिलं म्हणजे तो गेला असणार. आठवत नाही, म्हणजे त्याच्यातच काही बिघाड असणार. आणि मी? मी म्हणालो, “मान खाली होती. डोळे दिसले नाहीत.”

“तो शायद मैं गया,” तो म्हणाला.

त्यानंतर रोज झोपताना तो उंच मुलाला दाराला खुर्ची लावून ठेवायला सांगू लागला. स्वतःचा घोटा टायने पलंगाला बांधायचा. उंच मुलगा मला म्हणाला, “तो मध्येच विचारतो, मी आत्ता इथेच होतो ना?” सरबत प्यायला आला की तेलुगू मुलगा ग्लास धरून आपल्याच हाताकडे बघत बसायचा. त्याच्या वरिष्ठांनी त्याला माफ केलं होतं, परत जायला कुणी सांगितलं नव्हतं. तोच म्हणाला, मला घरी जायचंय, मी माझ्या भरवशाचा राहिलो नाही. दोन वर्षांतलं दीड वर्ष झालं होतं. आईला काय सांगणार, असं मी विचारलं. त्याने ग्लास विसळून परत दिला.

तो घरी परतल्यावर नवव्या दिवशी पुन्हा धुकं पडलं. मी चष्मा पुसून, घालून बसलो होतो. पावणेसातला तोच शर्ट आला. तीच चण, तीच खाली घातलेली मान. या वेळी मी वाकून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, मागची भिंत दिसत होती. तो मुलगा तेव्हा विशाखापट्टणमला होता.

तरीही मी चार महिने गप्प राहिलो. आधी व्हिसा रिन्यू झाला. मग एकदा नातीने पुढे केलेली ताटली मला दिसली नाही, तेव्हा मुलाने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “कधी नसलेली माणसं दिसतात?” डोळ्यातला पडदा झिजला की असं होतं म्हणाले, डोक्यात बिघाड नाही. अशा माणसांना आवाज कधीच नसतो, हेही त्यांनीच सांगितलं.

गाडीत मी मुलाला सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली. “बाबा, एवढ्यासाठी? मला सांगायचंत ना,” म्हणाला. पुण्याचा विषय त्याने अजून काढलेला नाही.

उंच मुलाकडून नंबर घेऊन मी गेल्या शुक्रवारी दुपारी तेलुगू मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो वाळला होता. मी डॉक्टरचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला, बुटांबद्दल सांगितलं, माफी मागितली. त्याने सगळं नीट ऐकलं.

“अंकल, आप बहुत अच्छे हो,” तो म्हणाला. “मेरा दिल रखने के लिए इतना बोल रहे हो.”

“अरे, खरंच तू नव्हतास! सच बोल रहा हूँ.”

“आपने देखा था, अंकल.”

म्हणून हे लिहितोय. माझं तोंडी बोलणं त्याला दया वाटतं. छापलेलं कदाचित वाटणार नाही, कुणीतरी त्याला वाचून दाखवील.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, थोडं पडतो आता. त्याने तेलुगूत आईला हाक मारली. ती दारात आली, कॅमेऱ्याकडे बघून तिने मला नमस्कार केला. मग ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं, आणि बाहेरून कडी घातली. तो पलंगावर बसून माझ्याकडे पाहत होता, आता काळजी नाही अशा चेहऱ्याने.