जीप, नवी गाडी आणि केनवडचा रस्ता

अब्बा मंगळवारी वारले. जीप दारात उभी होती.

चाळिसावा झाला आणि जीपचा प्रश्न निघाला. रिसोडच्या आमच्या गल्लीत दारापुढे एकच गाडी मावते. भाईने नवी गाडी घेतली होती आणि ती दोन गल्ल्या सोडून लावावी लागे. त्याच्या मते जीप भंगारात द्यायला हवी होती. मामूंच्या, म्हणजे अम्मीच्या भावाच्या मते इतक्या ताकदीची गाडी आता बनतच नाही. अब्बांनी आयुष्यभर तिच्यातून रिसोड-केनवड सवाऱ्या नेल्या आणि मामू मागे लटकून भाडं गोळा करत. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. मला ती दारात हवी होती. सकाळी ती दिसली की घटकाभर काही बदललेलं नसे.

घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलतो आणि भांडताना वऱ्हाडीत येतो. जीपवरून तीन दिवस वाद चालला आणि ते तीन दिवस घर वऱ्हाडीत होतं. शून्यापासून शंभरावर जायला आपल्या गाडीला किती सेकंद लागतात, ते भाई मोबाइलवर दाखवी. मामू विचारत, शंभरावर जाऊन करायचं काय, पुढे गतिरोधक आहे. जीपचा काटा कित्येक वर्षं चाळिसावर अडकलेला होता, त्यामुळे उभी असतानाही ती चाळीसने धावत असे. या बाबतीत ती नव्या गाडीच्या पुढे होती.

शेवटी रीतसर तुलना करायचं ठरलं. जीप हरली तर जाईल, जिंकली तर राहील. नवी गाडी हरली तर काय, हे कुणी ठरवलं नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून पंच मी.

"तू शिकेल हायेस," भाई म्हणाला. "इन्साफ कर. रडू नोको."

मी नियम लिहिले. रस्ता एकच, रिसोड ते केनवड. दोन्हींत पाच-पाच माणसं. टायरमध्ये हवा एकाच दुकानातली. मामूंनी जीपला वयाची सवलत मागितली. मग आपण एसी बंद ठेवायचा का, असं भाईने विचारलं. अर्धा दिवस त्यात गेला. जीपला दरवाजेच नाहीत, तेव्हा तिलाही एसी आहे असं धरलं. पुढचा प्रश्न अवघड होता. जीप धक्क्याशिवाय सुरू होत नाही, तर धक्का मारणारे शेजारी वजनात धरायचे की इंजिनात? मी इंजिनात धरले.

जीप मामू चालवणार होते; मी तिच्यात बसले. भाई क्षणात दिसेनासा झाला. गावाबाहेरच्या पहिल्याच थांब्यावर एका बाईने हात दाखवला आणि मामूंनी ब्रेक दाबला. हात दिसल्यावर पुढे जाणं त्यांना जमतच नाही. बाईने आत डोकावून विचारलं, "ड्रायव्हर चाचा कुठं हायेत?" तिला ठाऊक नव्हतं. मामूंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि आत चढली, कारण तिला केनवडलाच जायचं होतं. पुढच्या थांब्यावर तेच झालं. त्याच्या पुढच्याही. एक म्हातारा म्हणाला की त्याची सून बाळंतपणाला याच सीटवरून दवाखान्यात गेली होती. मामू पुन्हा पहिल्यापासून सांगत.

"मामू, पाचच जणं," मी म्हणाले.

"मंग उतरव तू त्याहिले."

मला ते जमलं नाही.

केनवडला पोचलो तेव्हा आम्ही सोळा होतो आणि भाईचे तीन चहा झाले होते. त्याने घड्याळ दाखवलं. मामू म्हणाले, दुखवट्याचा वेळ वजा करा. मागणी वाजवी होती. मी प्रत्येक थांब्याची मिनिटं वजा केली. जीप तरीही मागे होती. मी पुन्हा हिशोब केला. एका थांब्याला थोडी मिनिटं वाढवली असती तर कुणाला कळलं नसतं.

"जीप हरली," मी म्हणाले.

रिकामी क्रेटं घेऊन आमच्याबरोबर आलेला केनवडचा एक भाजीवाला शेतकरी खाली उतरत होता. तो म्हणाला, "हरली म्हंजे काय? आमाले तं आणलं ना तिनं. इकून राह्यले असान तं मले द्या."

"तिले धक्का मारा लागते," भाई म्हणाला.

"आमी चार भाऊ हाओत."

भाईने जीपकडे पाहिलं. सवाऱ्या अजून तिच्याभोवतीच उभ्या होत्या. मग, माझ्याकडे न बघता, त्याने शेतकऱ्याला घेऊन जा म्हणून सांगितलं. भंगाराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. परत येताना मी नव्या गाडीत बसले. ती खरंच चांगली आहे.

जीप आता केनवडला आहे. बाजाराच्या दिवशी ती भाजी घेऊन रिसोडला येते. आमच्या दारात भाईची गाडी उभी असते.