सासूबाईंचा भरदुपारचा पाट

माझं माहेर रत्नागिरीच्या आतल्या गावातलं. तिकडे पाट म्हणजे सुपारीच्या बागेतून पाणी नेणारा. जेवायला बसायचा तो पाट वेगळा, संस्कृत ‘पट्ट’वरून आलेला, असं शब्दकोश म्हणतो. लग्न होऊन मिरकरवाड्यात, रत्नागिरीच्या मासळी बंदरावर, आले आणि तिसराच पाट कळला: विधवेचं दुसरं लग्न. हा शब्द कुठून आला ते कोणी धड सांगेना. “दोघांना पाटावर बसवतात म्हणून असेल,” सासूबाई म्हणाल्या आणि गालात हसत कोळंबी सोलत राहिल्या. त्या हसत का होत्या, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सासूबाई म्हणजे गोदूबाई, पंचावन्नच्या. मासळी विकून त्यांनी एकटीनं माझ्या नवऱ्याला, विनोदला, वाढवलं. बर्फाच्या कारखान्यातल्या अनिलकाकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मासळीच्या भर लिलावात, बांगड्यांच्या टोपल्यांमध्ये उभं राहून विचारलं, “गोदू, माझ्याशी पाट लावशील?” लिलाव थांबला. सासूबाई हो म्हणाल्या आणि भलत्याच बाईची टोपली उचलून घरी आल्या.

मला नाचावंसं वाटलं. विनोदचं तोंड मात्र उतरलं. “लाव, पण रीतीनं. काळोख पडल्यावर, दार लावून.” पूर्वी पाट म्हणे असाच लागायचा, विधवेचं तोंड कोणाला दिसू नये म्हणून. ऐकून माझं डोकंच फिरलं.

सासूबाई मात्र शांत. “त्यानं मला सगळ्यांदेखत विचारलंन. मग मी दाराआड कशाला बसू? भर दुपारी अंगणात, तू हात धरून बसवलंस तरच बसेन. नायतर पाटच नको.”

रविवारी दुपारी अंगणात मांडव, बँजो पार्टी आणि अर्धा मिरकरवाडा. अनिलकाकांनी इतकं अत्तर ओतलं होतं की मांजरंसुद्धा लांब जाऊन बसली. सगळे होते, विनोद नव्हता. सासूबाई उभ्याच राहिल्या. बँजोवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. मला हसू येत होतं आणि रडूही.

शेवटी तो आला, घामाघूम, थेट जेटीवरून. आईचा हात धरला, तिला पाटावर बसवलं. मग अनिलकाकांसमोर उकिडवा बसून हळूच म्हणाला, “पहाटे उपाशीच निघते ती. चहा दिल्याशिवाय सोडू नका.”