भिकनअण्णांनी काढलेला दांडा

भिकनअण्णांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सिल्वासात आमच्या सरकारी पर्यावरण विभागात ते नमुने आणायचं काम करत. नदीचं, नाल्यांचं, गावोगावच्या डंक्यांचं, म्हणजे हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून माझ्या टेबलावर ठेवत. मी नाशिकहून नुकतीच आलेली केमिस्ट, तीही कंत्राटावर. पहिल्याच दिवशी म्हटलं, "अण्णा, बसा, चहा घ्या." त्यांनी उभ्यानंच कप तोंडाला लावला आणि दोन घोटांत रिकामा केला.

"बठीसन काय करू ताई? नदी बठस का कुठे?"

शिरपूरकडचा माणूस. अर्धं आयुष्य नरोलीच्या एका रंगाच्या कारखान्यात गेलं. तिथली पिंपं नाल्यात रिकामी करणं हे त्यांचं काम होतं, आणि हे ते कुणालाही सांगत. "मन्हाच हातखाल गयं ते सगळं," म्हणत आणि दोन्ही पंजे पुढे धरत. नखांच्या कडांना अजून निळसर रेघ होती.

त्यांच्याबरोबर फिरणं म्हणजे धावणंच. पुलाखालच्या पाण्यात बाटली तिरकी धरत. आत बुडबुडा जाऊ नये म्हणून स्वतःचाही श्वास रोखत. मग काठावरच बाटलीत दोन औषधं टाकत. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे; पांढराच राहिला, तर नाही. तपकिरी झालं की अण्णा म्हणत, "जित्तं शे." पांढरं राहिलं की बाटली माझ्या हाती देऊन नाल्याच्या काठानं वर चालू लागत, हे येतंय कुठून ते बघायला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा. मी चिखलात चपला अडकवून मागे उभी.

"अण्णा, आपल्या यादीत फक्त हाच पॉइंट आहे."

"यादी हापिसमा शे ताई. घाण इथं शे."

एका उन्हाळ्यात अशाच चालण्यात ते नाल्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर पोचले. तिथली डंकी यादीत नव्हती. पाणी किंचित पिवळं होतं. अण्णांनी बाटली भरून आणली. मी नळीत औषध टाकलं आणि बघता बघता पाणी जांभळं झालं. क्रोमियम, रंगाच्या कारखान्यांतून येणारं विष. पुन्हा केलं, पुन्हा जांभळं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "यादीबाहेरचा नमुना आहे. घाई नको. परत तपासा, मग बघू." मी परत तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. खरं तर पहिल्याच दिवशी अहवालावर सही करायला हवी होती. पण माझं कंत्राट महिन्याभरात संपत होतं आणि ते वाढवणं साहेबांच्या हातात होतं. अण्णा रोज सकाळी दारात येऊन उभे राहत. "झालं का ताई?" "आज नाही अण्णा, उद्या." असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी ते आले तेव्हा खांद्यावर डंकीचा लोखंडी दांडा होता. पान्यानं बोल्ट खोलून काढून आणला होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर, बाटल्यांच्या शेजारी ठेवला.

तासाभरात पाड्यावरच्या बाया ऑफिसात. पुढे जमनाबेन, डोक्यावर रिकामा हंडा तसाच. "आमची डंकी तोडली तुमच्या मानसानं. आता पानी कुठून आनू?"

अण्णा पुढे झाले. "ते पानी पिऊ नको बेन. त्यामा जहर शे."

"मंग दुसरा दे!"

पहिल्यांदाच अण्णा जागच्या जागी थांबलेले मी पाहिले. मग स्कूटरला दोन कॅन बांधून निघाले. पुढचे कितीतरी दिवस ते पाड्यावर पाणी नेत होते. प्रत्येक खेपेला बायांच्या शिव्या खात होते.

मी त्याच दुपारी सही केली. अहवाल वर गेला, पाणी पिऊ नका म्हणून डंकीवर लाल रंग आला, क्रोमियम सोडणाऱ्या कारखान्याला नोटीस गेली, आणि पावसाळ्यानंतर पाड्यावर नळ आला. माझं कंत्राटही वाढलं. अण्णांना मात्र सरकारी वस्तूची नासधूस केल्याचा मेमो मिळाला आणि खानवेलला रोपवाटिकेत बदली झाली.

बस स्टँडवर त्यांना सोडायला गेले. मी म्हटलं, "अण्णा, माझ्यामुळे झालं हे."

"मन्हं काय व्हयनं? रोपं तर रोपं, पानीच देनं शे." मग माझ्याकडे न बघता, गाडी येते का ते बघत म्हणाले, "तुम्ही सही करी, चांगलं करं. पन आठ दिवस त्या बाया तेच पानी पिऊन राहिन्यात. जमनाबेनले एकडाव जाईसन हे सांगा."

जाईन म्हणाले. गेले नाही. या ना त्या कामानं राहिलं, असं स्वतःला सांगत राहिले. दोन वर्षांनी खानवेलहून निरोप आला: रोपांना पाणी देता देता अण्णा कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्या आठवड्यात मी पाड्यावर गेले. जमनाबेन ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाणी खराब आहे हे मला आठ दिवस आधी माहीत होतं, हेही. सूप थांबलं नाही. मी वाट बघत होते की आता ओरडेल.

"तो मानूस गेला?" तिनं विचारलं.

"गेला."

तिनं सूप खाली ठेवलं. अंगणातल्या नळाकडे हात केला. "आन याचा पानी कोन बघतं?"

"मीच."

"कवा बघितला?"

नळ आला तेव्हा एकदा बघितलं होतं. त्यानंतर नाही. यादीत तो नव्हता. मी मोपेडची डिकी उघडली, बाटली काढली आणि नळाखाली धरली.